भास्करभाऊजींचे गाल

"वहिनी, मी किती वर्षांचा दिसतो? आकडा सांगा. लाजू नका."

सकाळचे सात वाजले होते. माझ्या हातात दुधाचं पातेलं होतं आणि आमचे शेजारी भास्कर राऊत, म्हणजे भास्करभाऊजी, वही उघडून ओटीच्या पायरीवर उभे होते. त्यांचं वय त्रेसष्ट हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या साठीचा शिरा मीच ढवळला होता. शेजारधर्म म्हणून मी म्हटलं, "साठीच्या आसपास."

"खरं रीडिंग द्या."

"अडुसष्ट," मी म्हटलं. माणसाने मागितलंच आहे तर द्यावं.

त्यांनी ते शांतपणे लिहून घेतलं. मग पोस्टमनला अडवून विचारलं. तो भिडस्त, तो सत्तर म्हणाला. पाटी घेऊन आलेल्या कोळणीला विचारलं, तेव्हा तिने त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "पंच्याहत्तरला काय कमी न्हाय." भाऊजींनी तिन्ही आकड्यांची बेरीज केली, तीनने भागलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि "एकाहत्तर. वाईट आहे," एवढंच बोलून घरी गेले.

किहीममधल्या कुणालाही याचं नवल वाटलं नसतं. भाऊजींची सगळी नोकरी खताच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत गेली. तिथे पोतं आलं की आधी चमचाभर नमुना काढायचा, तो तीनदा तपासायचा, सरासरी काढायची आणि मगच पोत्याला आत घ्यायचं. निवृत्तीनंतर पोती बंद झाली, पण चमचा काही हातातून सुटला नाही. मनगटावर घड्याळ असताना हा माणूस रस्त्यात तिघांना वेळ विचारतो. बाजारातून एक वांगं आणतो, त्याची भाजी करून खातो आणि दुसऱ्या दिवशी किलोभर आणायला जातो. तोवर ती वांगी संपलेली असतात. मग दुसऱ्या वांग्याचा नमुना. त्यांच्या घराच्या समुद्राकडच्या भिंतीवर चार वर्षांपासून वेगवेगळ्या रंगांचे सहा चौकोन आहेत. आमच्या खोल्यांमध्ये उतरणारे पर्यटक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतात.

एकदा अलिबागच्या बाजारात पांढऱ्या कांद्याची माळ घ्यायला मी त्यांना सोबत नेलं. तो दिवस मी विसरणार नाही. ही माळ पातींनी वेणीसारखी घट्ट विणलेली असते. भाऊजींना नमुना हवा होता, आणि तो मधला हवा होता, कारण "विक्रेता चांगला माल टोकाला लावतो, वहिनी." त्यांनी मधला कांदा अलगद ओढला आणि सगळी वेणी उसवली. कांदे रस्त्यावर, रस्त्यावरून रिक्षेखाली. विकणाऱ्या बाईने जे काय म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. भाऊजी मात्र हातातला कांदा हुंगत म्हणाले, "चांगला आहे. दोन माळा द्या."

लग्न त्यांनी केलं नाही. त्याबद्दल गावात जी थट्टा चालते ती तुम्हीच कल्पना करून घ्या. मीही ती पुष्कळ केली आहे.

तर या एकाहत्तरच्या सरासरीनंतर भाऊजी बिघडले. पहिल्या आठवड्यात त्यांनी मिशी काढली. दुसऱ्या आठवड्यात केस काळे केले, तेही आधी कानामागे एक बट रंगवून, तीन दिवस थांबून. तिसऱ्या आठवड्यात ते पिवळाधमक टी-शर्ट घालून वाडीत नारळ मोजताना दिसले. आमच्या दोन्ही घरी भांडी घासायला येणारी शेवंती मला म्हणाली, "काकू, दादा लगीन करतात वाटतं. बघा तुमी, म्हातारपनी घोडं उधळलंय."

मी स्वभावाने उत्साही बाई आहे. दुसऱ्याच्या लग्नात तर फारच. माझ्या माहेरकडे चौलला एक निवृत्त शिक्षिका होत्या. विधवा, सुस्वभावी, आवाज खणखणीत. मी त्यांचा फोटो मागवून घेतला आणि एका संध्याकाळी कुंपणावरून विषय काढला. भाऊजींनी फोटो बघितला, सभ्यपणे परत केला आणि म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. पण मला बायको नकोय, वहिनी. मला गाल हवेत."

"गाल?"

"हे बसलेत ना, हे," असं म्हणून त्यांनी दोन बोटांनी स्वतःच्या गालाचे खड्डे दाखवले. "हे वर आले पाहिजेत. तुमच्या त्या डॉक्टरबाई काय म्हणत होत्या परवा?"

झालं होतं असं, की मागच्या शनिवारी आमच्याकडे पनवेलच्या एक त्वचेच्या डॉक्टर कुटुंबासह उतरल्या होत्या. घावणे वाढता वाढता मी त्यांच्याकडून माझ्या डोळ्यांखालच्या खळग्यांबद्दल फुकटचा सल्ला काढून घेत होते. माझंही वय पन्नास आहे. मला कुणी मावशी म्हटलेलं चालतं, आजी म्हटलेलं चालत नाही. बाई म्हणाल्या होत्या की हल्ली फिलर नावाचं इंजेक्शन मिळतं. जेलीसारखा पदार्थ सुईने कातडीखाली भरतात, त्यामुळे वयाने खाली बसलेली जागा वर येते. हे सगळं भाऊजींनी कुंपणाआड शिंपणं करता करता ऐकलं होतं. त्या दिवशी सुपारीच्या एकाच झाडाला एवढं पाणी का मिळालं, ते मला तेव्हा कळलं.

मी हसले. तोंडावर पदर न घेता हसले. घरात येऊन नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. तो चेहरा त्यांना कशासाठी हवा होता हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

ते कळलं त्याच्या चार दिवसांनी. मी वालाचं बिरडं केलं होतं आणि वाटीभर काकींना द्यायला गेले. काकी म्हणजे भाऊजींच्या आई. वय पंच्याऐंशी, गुडघे गेलेले, आणि दीडदोन वर्षांपासून आठवणही गेलेली. मी सकाळी त्यांची वेणी घालायला जाते तेव्हा त्या मला कधी नणंद समजतात, कधी शाळेतली बाई. मला त्याची सवय झाली आहे. पण दुपारी जेवणाच्या वेळी मी कधी गेले नव्हते. आता आठवून बघते तेव्हा वाटतं, काकी आणि भाऊजी ही दोघं मी गेल्या वर्षभरात एका खोलीत कधी पाहिलीच नव्हती.

स्वयंपाकघरात भाऊजी पाटावर बसून भराभर जेवत होते. आणि काकी, ज्यांना उठबस करताना माझा आधार लागतो, त्या दाराच्या फळीला धरून उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, मान खाली. गुडघे थरथरत होते. मी म्हटलं, "काकी, बसा ना," तर त्यांनी डोळ्यांनीच मला दटावलं आणि पुटपुटल्या, "त्यांचं होऊ दे."

भाऊजी उठले, आमच्याकडे न बघता मागच्या दाराने बाहेर पडले. ते गेल्याबरोबर काकी हुश्श करून पाटावर बसल्या, समोरचं ताट पुढे ओढलं आणि त्यातच भात वाढून घेऊन जेवायला लागल्या.

मी वाटी ठेवली आणि विहिरीकडे गेले. भाऊजी रहाटाच्या कट्ट्यावर बसले होते.

"तात्या समजते मला," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

तात्या म्हणजे त्यांचे वडील. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. त्यांचा हार घातलेला फोटो ओटीवर आहे. तो मी शेकडो वेळा पाहिला होता आणि एकदाही नीट पाहिला नव्हता. तेच आत गेलेले गाल, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या त्याच दोन रेघा.

"ते गेले तेव्हा चौसष्टचे होते. माझा चेहरा तिकडेच चाललाय. आरशात बघतो तर मीसुद्धा सावरून उभा राहतो." ते थोडं हसले. "तात्यांसमोर ती कधी बसली नाही. आता मी खोलीत आलो की उठते. त्या गुडघ्यांनी. म्हणून मी दिवसभर वाडीत असतो. मी बाहेर असलो की ती बसते."

मला वाटायचं की या माणसाला नारळ मोजायचं वेड लागलं आहे.

"आणि ते ताट?"

"मी जेवल्याशिवाय जेवत नाही. आणि जेवते ती माझ्याच ताटात. जुनी पद्धत. पहिले दोन दिवस मी ताट घासून टाकलं, तर उपाशी राहिली. मग मी दुसरं ताट घेतलं, स्वच्छ. त्याला कडेने थोडं वरण लावलं, चार शितं टाकली आणि गुपचूप बदललं." प्रयोगशाळेतल्या माणसाने प्रयोग सांगावा तसं ते सांगत होते. "तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी शेवग्याच्या शेंगा होत्या. तात्या शेंग चावून चोथा ताटाच्या उजव्या कडेला लावायचे. माझ्या ताटात चोथा नव्हता. तिला लगेच कळलं. म्हणाली, 'आज जेवला नाहीत का?' आणि तीही उठली. आता मी खरंच त्या ताटात जेवतो. काय करू? आईने मुलाचं उष्टं खायचं, वहिनी. रोज."

मी कट्ट्यावर बसले.

"डॉक्टर म्हणतात, तिला चूक दाखवायची नाही, घाबरते. एकदा मी बोललो, आई, मी बाळू. तर रडायला लागली. म्हणाली, 'चेष्टा करू नका हो, पोरगं अजून घरी आलं नाही.' संध्याकाळी दारात बसते आणि मला फाट्यावर बघून यायला सांगते. मग मी टॉर्च घेतो, एसटीच्या फाट्यापर्यंत जातो, थोडा वेळ बसतो, परत येतो. सांगतो की शेवटच्या गाडीने येईल." रहाटाच्या दोराचा सुटलेला एक धागा ते बोटाला गुंडाळत होते. "मी मलाच शोधायला जातो. सापडत मात्र नाही."

मग त्यांनी खिशातून कारखान्याचं जुनं ओळखपत्र काढलं. सव्वीस वर्षांचा भास्कर राऊत. मिशी नाही, केस दाट, आणि गाल भरलेले, गुबगुबीत म्हणावे असे. "ती ज्याची वाट बघते तो हा. तिने एकदा बाळू म्हणून हाक मारली पाहिजे. एकदा. बाकी मला तरुणपण घेऊन काय करायचंय?"

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथेच ठरवलं, यांना पनवेलला मी नेणार.

काकींपाशी शेवंतीला बसवलं आणि गाडी मी चालवली. नवरा म्हणाला, लोक काय म्हणतील, तू आणि भाऊजी गाल भरायला चाललात. मी म्हटलं, माझे डोळेही दाखवीन म्हणते. त्याने किल्ली काढून दिली. पेणपर्यंत भाऊजींनी वहीत तक्ता आखून पूर्ण केला होता. वर तीन रकाने होते: टिकाऊपणा, घट्टपणा, परतीची सोय.

डॉक्टरबाई समजूतदार होत्या. त्यांनी तीन प्रकार सांगितले. एक जेली अशी, की जी वर्षभरात शरीरात विरघळून जाते आणि मध्येच नकोशी झाली तर दुसरं इंजेक्शन देऊन घालवता येते. दुसरा पदार्थ जास्त घट्ट, जास्त टिकणारा, पण एकदा भरला की काढता येत नाही. तिसरा उपाय म्हणजे स्वतःच्याच पोटावरची चरबी काढून गालात भरायची.

"त्यासाठी आधी पोट हवं," भाऊजी म्हणाले. पोटाच्या नावाने त्यांच्याकडे फक्त पट्टा आहे. तिसऱ्या प्रकारावर फुली बसली.

मग त्यांनी नमुना मागितला. डॉक्टरबाईंना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी हसत काचेवर जेलीचा एक थेंब काढून दिला. भाऊजींनी तो अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळला, तार ओढून बघितली, हुंगला आणि मान डोलावली. कारखान्यातलं एखादं पोतं पास व्हायचं तेव्हा ते अशीच मान डोलावत असतील.

"आता असं करा," ते म्हणाले, "आज फक्त डावा गाल करा. पंधरा दिवस निरीक्षण करू. ठीक वाटलं तर उजवा."

"काका, मी अर्धा माणूस घरी पाठवत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन्ही, नाहीतर एकही नाही."

भाऊजींच्या आयुष्यात नमुन्याविना घेतलेला हा पहिला निर्णय असावा. त्यांना घाम फुटला. शेवटी त्यांनी विरघळणारी जेली निवडली. "चुकलं तर मागे जाता आलं पाहिजे," ते म्हणाले, आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं. "याच्याबरहुकूम करा."

बाईंनी फोटो बघितला, त्यांच्याकडे बघितलं. "काका, खोटं सांगत नाही. खड्डे भरतील, रेघा पुसट होतील, चार-पाच वर्षं कमी दिसाल. हा मुलगा काही मला परत आणता यायचा नाही. कशासाठी करताय एवढं?"

"घरच्या एका माणसाला मी ओळखू यायला हवा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. भाऊजी संमतीपत्र वाचण्यात गुंतले होते, तेवढ्यात मी हलक्या आवाजात चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मी प्रयत्न करते."

अर्ध्या तासात काम झालं. निघताना सूचना मिळाल्या. दोन-चार दिवस सूज राहील. गाल दाबायचे नाहीत, चोळायचे नाहीत. गरम शेक तर अजिबात नाही, जेली सरकते, बर्फ लावला तर चालेल. भाऊजींनी त्या तीनदा वदवून घेतल्या आणि तिन्ही वेळा लिहून घेतल्या.

वडखळपर्यंत सूज चढायला लागली. उजवा गाल बेताने सुजला. डावा मात्र लिंबू धरल्यासारखा टम्म. भाऊजी गाडीच्या आरशात एकदा स्वतःला आणि एकदा ओळखपत्राला बघत होते. "बिघडलं," ते म्हणाले. "हा मी नाही, तात्या नाही आणि तो पोरगाही नाही. आता ती मला तिसराच कोणीतरी समजेल. घरात घेणार नाही." ओठ जड झाल्यामुळे त्यांचं बोलणं लहान मुलासारखं येत होतं. मी म्हटलं, उतरेल सूज.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. काकी दारात बसल्या होत्या, बाळूच्या वाटेकडे डोळे लावून. भाऊजी फाटकातून आत आले. काकींचा हात सवयीने पदराकडे गेला, दुसऱ्या हाताने त्यांनी दाराची चौकट धरली आणि उठायला सुरुवात केली. मी पुढे धावले.

पण पदर अर्ध्यावरच राहिला. काकी त्या सुजलेल्या गालाकडे बघत होत्या. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि त्या ओरडल्या, "दाढ धरली ना परत? किती वेळा सांगितलं बाळू, चिंचा खाऊ नको म्हणून! ये इकडे. ये म्हणते ना!"

भाऊजी जागच्या जागी उभे राहिले. मी त्यांना ढकललं म्हणून ते पुढे झाले.

काकींनी त्यांची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, "अगं बाई बाई, केवढं सुजलंय," म्हणाल्या आणि चक्क आत निघाल्या. शेवंती मागे धावली. तव्यावर जाडं मीठ तापल्याचा वास आला. पाच मिनिटांनी फडक्यात गरम मिठाची पुरचुंडी बांधून काकी बाहेर आल्या आणि ओटीवर बैठक मारून म्हणाल्या, "डोकं ठेव मांडीवर."

"काकी, शेक नको," मी म्हटलं. "डॉक्टरांनी..."

भाऊजींनी मला हाताने थांबवलं. ज्या माणसाने त्या सूचना तीनदा लिहून घेतल्या होत्या, तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून निमूट पडून राहिला. काकी गाल दाबून दाबून शेकत होत्या. मध्येच पुरचुंडी स्वतःच्या मनगटाला लावून ऊन किती ते बघत होत्या आणि पुन्हा शेकत होत्या. तोंडाने अखंड बोलणी चालू होती. अभ्यास नको, समुद्रावर हुंदडायला हवं, तात्यांना सांगू का? भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "फार दुखतंय का रे?" काकींनी विचारलं. ते "हो" म्हणाले.

त्या रात्री काकींनी त्यांना गुरगुट्या भात भरवला आणि नंतर स्वतः खुर्चीवर बसून वेगळ्या ताटात जेवल्या. शेवंतीने ही बातमी आणली तेव्हा मी देवापाशी दिवा लावला.

चार दिवस हे सुख चाललं. पाचव्या दिवशी सूज उतरली. शेकाने डावा गाल किंचित चपटा राहिला होता, पण एरवी डॉक्टरबाईंनी शब्द पाळला होता. खड्डे गेले, रेघा पुसट झाल्या, गावातले लोक "दादा, काय घेता हल्ली?" असं विचारायला लागले. भाऊजी चांगले दिसत होते. आणि त्या दुपारी ते स्वयंपाकघरात गेले तेव्हा काकी पदर ओढून उठून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी ते आमच्या ओटीवर आले आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. बाईंनी डाव्या गालाबद्दल विचारलं असावं. पुन्हा भरून देते म्हणाल्या असाव्यात. "तो राहू द्या तसाच," भाऊजी म्हणाले. "मला दुसरं विचारायचंय. टिकलं नाही तरी चालेल. कसंही दिसलं तरी चालेल. तुमच्याकडे जे काही आहे त्यात सगळ्यात जास्त सूज कशाने येते?"

पलीकडून बाई काहीतरी बोलल्या. भाऊजींनी दोनदा "हो" म्हटलं, एकदा "लवंगेचं तेल?" असं विचारलं आणि वही मागितली.

दुसऱ्या दिवशी ते कापसाचे तीन बोळे घेऊन आले. लहान, मध्यम, मोठा. तिन्ही लवंगेच्या तेलात भिजवलेले. आळीपाळीने डाव्या गालात धरून, वरून रुमाल बांधून त्यांनी विचारलं, "कुठल्यात जास्त दुखतं असं वाटतं, वहिनी? खरं रीडिंग द्या."

मी मध्यम म्हटलं. मोठा वाटत होता खोटा. आणि मी चहा टाकायला आत गेले.

तेव्हापासून भास्करभाऊजींची दाढ दुखते आहे. नव्याने येणाऱ्या पर्यटकांना ती त्या सहा रंगांच्या भिंतीइतकीच गमतीची वाटते. काकी रुमाल सोडायला लावतात, तोंड उघडायला लावतात, लवंगेचा वास घेतात आणि "बोळा ठेवलास ते बरं केलंस" म्हणतात.

पण हे रोज जमत नाही. काही दिवशी त्यांचं त्या गालाकडे लक्षच जात नाही. परवा तसंच झालं. दुपारी काकी उठून उभ्या राहिल्या, तेव्हा भाऊजींनी बोळा काढून खिशात टाकला, मुकाट्याने पाटावर बसून पोटभर जेवले, शेंगेचा चोथा ताटाच्या उजव्या कडेला लावला आणि बाहेर गेले. तीनच्या सुमाराला मी वाळत घातलेले कपडे काढत होते. काकींनी आतून शेवंतीला विचारलेलं मला ऐकू आलं, "बाळू आला का गं?"

भाऊजी विहिरीपाशी होते. त्यांनीही ते ऐकलं. घाईघाईने बोळा गालात बसवून रुमाल बांधत ते मागच्या दाराने आत गेले.

"आलास का? एवढा उशीर? जेवला नसशील अजून. बस, वाढते."

"नाही जेवलो, आई," बोळ्यामागून भाऊजींचा बोबडा आवाज आला. "खूप भूक लागलीय."